सनदेआधी शेत: इंदुराजवळच्या छोट्या गावाचा इतिहास कसा लिहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांवेर तहसिलीत, इंदुरापासून तासाभराच्या वाटेवर, दीड-दोनशे घरांचं एक शेतकरी गाव. विचारणाऱ्यांच्या पूर्वजांना होळकर दरबाराकडून ते इनाम मिळालं होतं. आज तिथे पडका वाडा आणि मारुतीचं देऊळ आहे, आणि इंदुरातल्या घरी मोडीतले काही कागद आहेत. गावाचा इतिहास आणि तिथलं लोकजीवन पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवायचं आहे. सुरुवात कुठून करावी, कागद कुठे शोधावेत, लोकांना काय विचारावं?

माझी नोकरी जमिनीच्या दफ्तरात गेली आणि निवृत्तीनंतर मोडी वाचण्यात वेळ जातो आहे. त्या बळावर पहिलाच सल्ला देतो, थोडा कडक वाटेल: इनामाची सनद काही महिने कपाटात ठेवा. गावाचा इतिहास शेतापासून सुरू करा.

याचं कारण सांगतो. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घराण्यांनी लिहिलेल्या अशा बऱ्याच वह्या माझ्याकडे वाचायला येतात. पहिलं प्रकरण मल्हारराव होळकरांचं, दुसरं सनदेचं, तिसरं वंशावळीचं, आणि मग शेवटी दोन पानांत ‘गावात गहू-हरभरा चांगला होई, लोक प्रेमळ होते’. ज्या माणसांनी ती जमीन वाहिली, विहिरी खणल्या, सारा भरला, त्यांचं नावही वहीत येत नाही. सनद इतकंच सांगते की गावाचा वसूल कोणाच्या घरी जाईल. गाव कोणी वसवलं, पाणी कुठून आणलं, गुरं कुठे चारली, उन्हाळ्यात काय खाल्लं, यातलं तिला काही ठाऊक नसतं. घराण्याचा इतिहास लिहायला कोणाची ना नाही, पण तो गावाचा इतिहास म्हणून छापला की गावातला माणूस तो हातात धरतो आणि त्यात स्वतःला शोधून ठेवून देतो.

आता कालक्रम. माळव्याचे परगणे होळकरांकडे आले ते १७३० च्या दशकात. इंदूरच घ्या: मल्हारराव इथे स्थिर होण्याआधी इथली जमीनदारी राव नंदलाल यांच्या घराण्याकडे होती. तेव्हा तुमचं गाव आपल्या पूर्वजांनी ‘वसवलं’ असं घरात सांगत असतील, तर ते तपासल्याशिवाय लिहू नका. बहुतेक वेळा त्या वाक्याच्या पोटात एक खरी गोष्ट असते, फक्त ती वेगळ्या काळाची असते.

तो काळ म्हणजे एकोणिसाव्या शतकाची पहिली अठरा वर्षं. यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे यांच्या झगड्यात १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं. राजधानीच्या पेठेची ही गत, मग सांवेर-देपालपूरकडच्या खेड्यांची काय असेल? पगार थकलेल्या फौजा, पेंढारी, दोनदोनदा वसूल. गावं ओस पडली, लोक गुरंढोरं घेऊन निघून गेले. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, होळकरांची गादी इंदुरात आली, आणि मग माणसं परतू लागली. या भागाची व्यवस्था पाहणाऱ्या जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात या परतण्याचं वर्णन केलं आहे: वर्षानुवर्षं ओस पडलेल्या गावांत लोक परत आले तेव्हा पुढे पाटलाच्या घरातलं लहान पोर असायचं, मूळ पाटलाचा नातू किंवा पणतू, आणि गावात पोचल्यावर ज्याने-त्याने आपल्या घराची पडकी भिंत आणि आपलं शेत ओळखून ताब्यात घेतलं, भांडण न होता. मला हा मजकूर फार मोलाचा वाटतो. कागद नव्हते, मोजणी नव्हती, तरी गाव लोकांच्या डोक्यात शाबूत होतं.

तुमच्या कामासाठी याचा अर्थ असा. गावात जी जुनी घरं आहेत, जातीने खाती असोत, कलोता असोत, राजपूत, बलाई, माळी, गुजर, त्या प्रत्येकाला विचारा: तुम्ही इथे परत आलात की नव्याने आलात? कुठून आलात? कुलदेवी कुठे आहे? कुलदेवीचं ठिकाण सहसा खोटं बोलत नाही. घर मारवाडकडचं असेल तर जाऊळ काढायला अजून तिकडे जातात. काही जातींचे भाट, म्हणजे वंशावळ राखणारे, आजही पोथ्या घेऊन येतात, त्यांच्या बह्यांत (वह्यांत) गावाचं नाव कोणत्या पिढीपासून दिसतं ते बघा. उज्जैनच्या तीर्थपुरोहितांच्या वह्याही पाहा. या सगळ्यातून बहुधा असं निघेल की गाव एकदा वसलं, एकदा मोडलं आणि १८१८ नंतर पुन्हा भरलं, आणि भरताना सगळे पहिलेच लोक नव्हते. तुमच्या पूर्वजांनी नव्याने कुळं आणून बसवली असतील तर त्यांचा खरा वाटा इथेच सापडेल, आणि तो अभिमानाने लिहावा असाच असतो.

पुढचा धागा पाण्याचा. माझ्या मते गावाचा अर्धा इतिहास विहिरींत आहे. माळव्यात ओलिताच्या जमिनीला ‘अडाण’ म्हणत आणि कोरडवाहूला ‘माळ’. काळ्या जमिनीतला गहू-हरभरा पावसाच्या मुरलेल्या ओलीवरच निघायचा, त्याला विहीर लागत नव्हती. मग एवढ्या बांधीव विहिरी कशासाठी? ऊस आणि भाजीपाला थोडा होता, पण मोठं कारण अफू. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची, इंदूर हे तिच्या वजन-काट्याचं आणि व्यापाराचं मोठं ठिकाण होतं, आणि अफूच्या पिकाला वरचेवर पाणी द्यावं लागतं. सावकाराने पैसा पुढे केला, विहीर झाली, पीक त्याच्याच दुकानी गेलं. बोंडांना दुपारनंतर चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरायचा आणि सकाळी उन्हं चढायच्या आत तो खरवडून घ्यायचा, सुकू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवायचा. हे काम घरातल्या बायकामुलांचं. १९०७ च्या करारानंतर चीनची निर्यात टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि १९१३ पर्यंत थांबली. इंदूर जिल्ह्यात आज अफू होत नाही. परवान्याची शेती वर मंदसोर-नीमचकडे राहिली. पण विहिरी उरल्या.

एखादी जुनी विहीर नीट बघा. काठावर जिथे चडस चालायची (आपली मोट) तिथल्या दगडाला दोराने पडलेल्या खाचा असतात. खाचांच्या जागा मोजल्या तर कळतं एकावेळी किती चडस लागत होत्या: एक, दोन, क्वचित चार. बैलांची उतरती धाव कोणत्या बाजूला होती ते बघा, मग थाळ्यातून पाणी कुठे पडत होतं आणि पाट कोणाच्या शेताकडे वळत होता ते दिसतं. दोन धावा दोन वेगळ्या शेतांच्या अंगाला असतील तर विहीर सामाईक होती आणि पाण्याची पाळी ठरलेली होती. कुणाची पाळी किती, हे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून सांगता येतं, कारण विद्युत मोटार आल्यावरही कित्येक ठिकाणी तीच पाळी तासांत बसवली गेली. विहिरीवर शिलालेख असेल तर उत्तमच, पण नसला तरी या खाचा वाचता आल्या पाहिजेत. आणि एक विचारायला लाजू नका: कोणाला या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते? त्यांची वेगळी विहीर कुठे होती? हा प्रश्न टाळून लिहिलेलं लोकजीवन अर्धवट राहतं.

आता कागद. तुम्ही मोडी कागदांबद्दल विचारलंत, पण गावासाठी त्याहून कामाचे कागद तहसील आणि जिल्ह्याच्या अभिलेखागारात आहेत, बहुतेक देवनागरीतच. बंदोबस्ताची, म्हणजे सारा ठरवतानाच्या मोजणीची, मिसल (दफ्तर) आणि तिच्यासोबतचा नकाशा आधी मागा. मिसलीत प्रत्येक शेताचा खसरा नंबर (आपला सर्व्हे नंबर), मातीची प्रत, विहीर, कसणाऱ्याचं नाव आणि हक्काचा प्रकार असतो. त्याच्या नकलेवर गावातल्या जाणत्या माणसाबरोबर बसून शेतांची बोलीतली नावं लिहा. सरकारी नंबर कोरडा असतो. लोक शेताला झाडाच्या, देवाच्या, जुन्या मालकाच्या नावाने ओळखतात, आणि ती नावं कुठल्याच दफ्तरात नाहीत.

त्यानंतर दोन कागद, ज्यांच्याकडे इतिहास लिहिणारे वळूनही बघत नाहीत. एक निस्तार पत्रक आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २३४ आणि २४२ मध्ये यांची तरतूद आहे. गावची चराई कुठे, जळण कुठून आणायचं, माती-मुरूम कुठून काढायचा, गुरांचं पाणी, स्मशान, खळी, गाडीवाट, हे सारं निस्तार पत्रकात येतं. खाजगी जमिनीतून जायची वाट, पाण्याची वहिवाट, मासेमारी यांसारखे रूढीचे हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवले जातात. मला विचाराल तर लोकजीवनाचा याहून प्रामाणिक सरकारी कागद नाही. एखाद्या नोंदीत लिहिलेलं असतं की अमुक नंबरातून नाल्यावर जायला गुरांची वाट आहे. त्या एका ओळीमागे दोन भावकींचं भांडण, पंचांचा निवाडा आणि कितीतरी वर्षांची वहिवाट असते. ती ओळ घेऊन गावात जा आणि फक्त ‘ही वाट कुठे आहे?’ एवढं विचारा. तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही.

खतौनी (खातेदारांची नोंदवही) वाचताना हक्कांची नावं बदलत जातात, ती काळानुसार लावून घ्या. २८ मे १९४८ ला होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झालं. १९५१ मध्ये मध्यभारतात जमीनदारी आणि जहागिरी संपवणारे कायदे झाले. कसणारा ‘पक्का कृषक’ झाला, जमीनदाराकडे खुदकाश्त म्हणजे स्वतः कसत असलेली जमीन राहिली. २ ऑक्टोबर १९५९ पासून नवी संहिता लागू झाली आणि तोच पक्का कृषक ‘भूमिस्वामी’ म्हणून नोंदला गेला. त्यामुळे १९४५ चा कागद आणि १९६० चा कागद शेजारी ठेवले तर वाटेल की गावात उलथापालथ झाली, प्रत्यक्षात नांगर धरणारा हात कित्येकदा तोच होता. आणि जिथे हात खरोखर बदलला तिथे थांबून विचारा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: वाड्याची जागा खसऱ्यात शोधत बसू नका. गावठाण, म्हणजे तिकडच्या भाषेत आबादी, खसऱ्यात एकत्रच असते, घरवार मालकी तिथे नोंदलेली नसते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने आबादीचे नकाशे होऊ लागले. तुमच्या गावचं काम झालं असेल तर पंचायतीकडून तो नकाशा बघा. आजचं प्रत्येक घर त्यात दिसेल, आणि त्यावर जुन्या गल्ल्या आखता येतील.

तारखांचं कोडं मात्र आधीच सोडवून घ्या, नाहीतर वीस वर्षांचा घोळ सहज होतो. मोडी पत्रांत बहुधा सुहूर सन असतो, अरबी अंकशब्दांत लिहिलेला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. शकात ७८, विक्रम संवतातून ५७ वजा, वर्षाच्या टोकाला एक इकडे-तिकडे. फसलीची मात्र आंधळी बेरीज करू नका. दख्खनी फसलीत ५९० मिळवतात आणि उत्तरेकडच्या फसलीत ५९२, आणि आपल्या माळव्यात दख्खनच्या कारकुनांनी लिहिलेले कागद असतात. अशा वेळी त्याच कागदात दुसरी तिथी किंवा कोणा अधिकाऱ्याचं नाव आहे का ते पाहूनच वर्ष ठरवा.

तोंडी आठवणींत तर सन येतच नाहीत, आणि मागूही नयेत. ‘छप्पन’ म्हटलं की म्हाताऱ्यांच्या घरात ऐकलेली गोष्ट निघते: संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. एरवी मारवाडात पाऊस पडला नाही की लोक गुरं घेऊन माळव्यात यायचे, कारण माळव्यात दुष्काळ पडत नाही असाच समज होता. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण याच भरवशातून आलेली. छप्पनमध्ये तो भरवसाही मोडला. गावातलं एखादं घर त्या साली आलेलं निघेल. वीज आली ते साल, पहिला ट्रॅक्टर आला ते साल, नाला फुटला ते साल, अशा खुणांनी विचारत जा आणि मग जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतल्या गावाच्या आकड्यांशी ताडून बघा. १९५१ पासून त्या मिळतात आणि गाववार माहिती देतात.

शेतीतला सगळ्यात मोठा बदल मात्र लोकांच्या डोळ्यांदेखत झाला आहे, आणि तो लिहायची घाई करायला हवी, कारण पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. तो बदल सोयाबीनचा.

आधी माळव्यातली पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवत. बखर (आपला वखर) पुन्हा पुन्हा फिरवून तण मारायचं, पाणी मुरवायचं, आणि त्या ओलीवर कार्तिकात गहू पेरायचा. तो कठिया, म्हणजे कडक मालवी गहू, ज्याच्या जाड्याभरड्या पिठाचे बाफले (उकळून भाजलेले कणकेचे गोळे) होतात. खरिपात हलक्या-मध्यम रानात ज्वारी, मका, कापूस, भुईमूग, तूर असायचं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सोयाबीन झपाट्याने पसरलं, १९८७ मध्ये त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच झालं, आणि मोकळी जमीन पावसाळ्यातही पिकू लागली. हातात रोख पैसा आला, पक्की घरं झाली, पोरं इंदुरात शिकली. हे चांगलंच झालं आणि तसंच लिहा.

पण त्याच्यामागे काय काय गेलं तेही ओळीने बघा. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. ज्वारी गेली तशी कडबी गेली. कडबी नाही म्हणून गुरं पोसणं जड झालं, तोवर ट्रॅक्टर आलाच होता, बैल गेले. बैल गेल्यावर शेणखत घटलं, गाडी गेली, सुताराचं आणि लोहाराचं काम संपलं, आणि त्यांना खळ्यावर मिळणारं धान्यही. चरणोईची जमीन (गायरान) कोणाला फारशी लागेना, मग तिच्यावर अतिक्रमणं झाली, पट्टे झाले. गव्हाला ओलिताची नवी वाणं आली, नलकूप (बोअर) खोल खोल गेले, आणि मघाशी सांगितलेल्या त्या बांधीव विहिरी कोरड्या पडल्या. गहू कापायला पंजाबकडची हार्वेस्टर येतात, मागे उभी राहते ती नरवाई (धसकटं) पेटवली जाते. शेती, कारागिरी, गुरं, पाणी अशी वेगवेगळी प्रकरणं पाडून हे लिहिलं तर कळणारच नाही. एका पिकाच्या मागे गावातली माणसं एकमेकांपासून कशी सुटत गेली ते एका प्रवाहात लिहा.

इथे इंदूरचा आणखी एक धागा जोडावासा वाटतो. १९२४ मध्ये इथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी उलथून, तीनेक महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेल्या गांधीजींनी ती संस्था पाहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. तुमच्या गावात खताचे खड्डे कुठे होते, कोण भरायचं, किती गाड्या निघायच्या हे विचारा. बायकांना विचारा, कारण शेण त्यांच्याच हातून जायचं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो. गावातल्या जवळजवळ सगळ्या म्हाताऱ्या बाया दुसऱ्या गावाहून आलेल्या असतात, म्हणून लिहिणारे त्यांना ‘गावचा इतिहास’ विचारत नाहीत. उलट त्यांनाच विचारा. त्यांनी लग्नाच्या दिवशी हे गाव परक्या नजरेनं पाहिलेलं असतं आणि काय वेगळं होतं ते त्यांना पक्कं आठवतं. प्रत्येकीचं माहेर नकाशावर टिपा. गावाचं खरं जग किती लांब पसरलं होतं ते त्या ठिपक्यांवरून कळेल: सांवेर, देपालपूर, हातोद, उज्जैन, देवास. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. आपल्याकडचा भोंडला-भुलाबाई आठवावा असा हा खेळ आहे. ती गाणी उतरवून घ्या, पण त्यांतली गावांची, दागिन्यांची, खाण्याची नावं जशीच्या तशी ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका.

देवांमध्ये खेडापती मारुती, म्हणजे गावाचा राखणदार, पहिला. तुम्ही ज्याला ‘आमचं मारुतीचं देऊळ’ म्हणता तो बहुधा गावाचा खेडापतीच असेल, वाड्याच्याही आधीचा. लग्नाचा वर निघताना आधी तिथे जातो का, हे विचारलं की उलगडा होईल. मग भेरूजीची (भैरवाची) ठाणी, शीतलामाता, तेजादशमी. प्रत्येक ठाण्याची पूजा कोणत्या घराकडे आहे ते लिहा. पुष्कळदा ते घर सगळ्यात जुनं आणि आज सगळ्यात गरीब असतं. तसंच बलाई घरांचं. गावची राखण, निरोप, आणि शिवेची माहिती त्यांच्याकडे असायची, हद्दीच्या वादात त्यांची साक्ष मोलाची मानत. म्हणजे गावाची शीव ज्यांना पाठ होती ती माणसं गावाच्या कडेला राहत होती. त्यांच्या घरी आधी जा, आणि दाखवायला सोबत पाटलाच्या घरचं कोणी नेऊ नका.

आणि शक्य झालं तर ‘उज्जैनी’चा दिवस बघा. पावसाने ओढ दिली की पंच मिळून दिवस ठरवतात, त्या दिवशी गावात चूल पेटत नाही. सगळं गाव शिवेबाहेर, शेतात, झाडाखाली जातं. जाडं पीठ मळून बाफले आधी पाण्यात उकळतात, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, धूर सगळ्या रानात बसतो. भाजलेला बाफला मुठीत फोडून तुपात बुडवतात, डाळ असते, देवाला आधी नैवेद्य, आणि ऊन कललं की गाव घरी परततं. पाऊस येवो न येवो, गाव म्हणून सगळे एकत्र बाहेर पडतात आणि एकत्र परत येतात असा दिवस वर्षात दुसरा नसतो. कोणाची चूल कोणत्या झाडाखाली लागते ते टिपून घ्या. गावच्या गल्ल्यांची रचना रानातही तशीच उमटलेली दिसेल, आणि कुठे ती आता मोडली आहे तेही दिसेल.

तुम्हाला अवघड जाणारा भाग १९५१ चा. घरात तो ‘इनाम गेलं’ असा सांगितला जातो, गावात ‘जमीन आपली झाली’ असा. दोन्ही वाक्यं लिहा, शेजारी शेजारी. आजीने रडून वाड्याचं दार कसं लावून घेतलं हे लिहाल तर त्याच साली कोणाच्या नावावर पहिल्यांदा खातं चढलं तेही लिहा, त्या घरच्या माणसाच्या तोंडून. वसूल कसा व्हायचा, वेठ होती का, दुष्काळात सूट दिली का, कर्जखतं कोणाकडे होती, हे विचारताना गावकरी आधी तुम्हाला ‘सरकार’, ‘भाऊसाहेब’ म्हणून गोडच उत्तरं देतील. वाड्याच्या पायरीवर बसून खरं उत्तर मिळत नाही. त्यांच्या ओटल्यावर जाऊन बसा, चहा तिथे घ्या, पहिल्या भेटींत वही काढू नका.

भाषेचं म्हणाल तर पुस्तक तुम्ही मराठीत लिहा, घरच्यांसाठी ते हवंच. पण गावात मराठी वाचणारं कोणी नाही. म्हणून हिंदीत एक पाठ तयार करून तो छापण्याआधी चौकात वाचून दाखवा, मालवी शब्द जसेच्या तसे ठेवून. लोक तिथल्या तिथे दुरुस्त करतील, दोन घरं भांडतीलही, आणि जे कोणी आधी बोललं नव्हतं ते त्या दिवशी बोलेल. ज्या गोष्टीने कोणाच्या लेकीसुनेची किंवा जमिनीच्या चालू दाव्याची अडचण होईल ती गाळा. तेवढं सोडून बाकी सगळं राहू द्या.

उशीर मात्र करू नका. उज्जैन रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॉलन्या कापल्या जात आहेत, इंदुरालगतची काही गावं महापालिकेत गेलीही. जमीन विकली गेली की बांध मोडतात, आणि बांध मोडला की शेताचं नाव वर्षभरात विसरलं जातं.

पहिली फेरी वैशाखात करा. गहू निघालेला असतो, रान मोकळं असतं, बांध आणि जुन्या गाडीवाटा स्पष्ट दिसतात. विहिरींचं पाणी तळाला गेल्यामुळे आतलं दगडी बांधकाम आणि कोनाड्यातला लेख असला तर तोही वाचता येतो. माणसांनाही फुरसत असते, सोयाबीनच्या पेरणीला अजून महिना असतो. जाताना नकाशाची मोठी नक्कल, मापाची फीत आणि गावातलाच एक शाळकरी मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या. मोडी कागद तोवर स्कॅन करून ठेवा, पाठपोट दोन्ही बाजू, शिक्का आणि कडेचे शेरे धरून. परत आलात की ते मिळून वाचू, कारण तेव्हा त्यांतली शेतांची नावं तुम्हाला ओळखता येतील.